ठाण्याच्या ट्रान्स-हार्बर फलाटांवर सकाळची शिफ्ट कशी सांभाळावी

वाशी, नेरुळ, पनवेल, कुठूनही आलेली ट्रान्स-हार्बरची लोकल ठाण्यात येऊन तिथूनच परत फिरते. आलेली गाडी हीच पुढची जाणारी गाडी. म्हणून इथे वेळापत्रक सांभाळायचं म्हणजे मुख्यतः टर्न-राउंड (गाडी येऊन परत निघेपर्यंतचा वेळ) सांभाळायचा. घणसोली-रबाळ्याला गेलेलं एखादं मिनिट भरून निघतं. ठाण्यात फलाट अडकला की मात्र मागची गाडी होम सिग्नलबाहेर (स्टेशनात शिरायच्या सिग्नलपाशी) उभी राहते, आणि दिघा गाव-ऐरोलीपर्यंत रखडपट्टी सुरू होते.

स्टेशन मास्तर म्हणून चार्ज घ्यायला पंधरा मिनिटं आधी या. डायरीत आधी रात्रीचा ब्लॉक (दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली लाइन) बघा: काम संपून लाइन लेखी परत मिळाली आहे का? 'सांगितलंय त्यांनी' हे उत्तर चालत नाही. मग बंद असलेले पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) आणि सिग्नल, कॉशन ऑर्डर (कुठे गाडी हळू न्यायची त्याचा लेखी आदेश) आणि पॅनलवरच्या (पॉइंट-सिग्नल चालवायच्या फलकावरच्या) काउंटरचं, म्हणजे आणीबाणीची बटणं किती वेळा वापरली ते मोजणाऱ्या आकड्याचं, रीडिंग. रीडिंग स्वतः डोळ्यांनी बघून लिहा, मागच्याचा आकडा उतरवू नका. क्लॅम्प (पॉइंट जागेवर आवळून धरणारे), कुलुपं, हातबत्ती, झेंडे आणि फटाके (धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे) मोजून घ्या.

आता क्रू. मोटरमन आणि गार्ड (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण फलाटावर अजून गार्डच) लॉबीत (क्रूच्या हजेरीच्या कार्यालयात) ब्रेथलायझर देऊन साइन ऑन करतात. गाडीच्या अर्धा तास आधी लॉबीला फोन करून विचारा. साइन ऑन झालं नसेल तर 'येतोच आहे'वर न थांबता स्पेअर (राखीव माणूस) मागा. ड्युटी संपत आलेल्याला 'एवढी एकच फेरी मारा' म्हणू नका. त्याची विश्रांती कमी पडली की उद्याची लिंकही (क्रूच्या ड्युट्यांची साखळी) तुटते.

१२ डब्यांचा रेक (जोडलेल्या डब्यांची पूर्ण गाडी) साधारण अडीचशे मीटर लांब असतो. गर्दीच्या फलाटावरून मोटरमनला दुसऱ्या टोकाला चालत जायला चार-पाच मिनिटं सहज लागतात. म्हणून गर्दीच्या वेळी दुसरा मोटरमन परतीच्या टोकाला आधीच उभा ठेवा. तो हा रेक घेऊन निघतो आणि आलेला मोटरमन पुढचा रेक घेतो. एक माणूस जादा लागतो, पण त्याच्यामुळे फलाट लवकर मोकळा होतो. मात्र कॅब बदलल्यावर ब्रेकची आणि घंटेची चाचणी व्हायलाच हवी (एक घंटा थांबा, दोन घंटा निघा). उशीर भरून काढण्याच्या नादात हीच पायरी गाळली जाते.

फलाट बदलायचा मोह टाळा. घोषणा झाली की सगळी गर्दी एकदम जिन्याकडे धावते. चार मिनिटं उशीर परवडला. बदलावाच लागला तर इंडिकेटर आणि घोषणा एकाच वेळी, आणि त्याआधी आरपीएफला जिन्यावर पाठवा.

पॉइंट फेल झाला तर पॅनलवरून दोन-तीनदा दोन्ही बाजूंना फिरवून बघा. कित्येकदा पात्यात अडकलेली खडी तेवढ्याने निघते. नाही निघाली तर कंट्रोल (गाड्यांचं नियंत्रण कक्ष) आणि सिग्नल विभागाला कळवा. क्रँक हँडल (पॉइंट हाताने फिरवायचा दांडा), क्लॅम्प, कुलूप देऊन पॉइंट्समनला पाठवा. पॉइंटचा नंबर त्याने मशीनवर वाचून फोनवर सांगावा, आठवणीतून नाही. पातं मुख्य रुळाला घट्ट चिकटलेलं हवं, मग क्लॅम्प, कुलूप आणि प्रायव्हेट नंबर (काम झाल्याची खूण म्हणून फोनवर द्यायचा गुप्त आकडा). क्रॉसओव्हरला (दोन लाइन जोडणाऱ्या रुळाला) दोन टोकं असतात. एकालाच क्लॅम्प लावून परत येणं ही नेहमीची चूक. दोन्हीची खात्री झाल्यावरच मोटरमनच्या हातात टी/३६९ (३बी), म्हणजे बंद पडलेला लाल सिग्नल ओलांडायची लेखी परवानगी, द्या.

पावसाळ्यात गाडी नसतानाही पॅनलवर ट्रॅक लाल दिसतो. रुळांमधलं पाणी-चिखल दोन रुळांना विजेने जोडतं, रिले (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारा विजेचा स्विच) पडतो आणि सिग्नल लाल होतो. यंत्रणा सुरक्षित बाजूलाच चुकते आहे, पण 'पाणीच असेल' हे गृहीत धरून गाडी सोडायची नसते. आधी माणूस पाठवून रूळ बघा. तडा गेलेला रूळही पॅनलवर असाच लाल दिसतो.

उशिराची नोंद तुकड्यांत करा. 'सहा मिनिटं लेट' लिहून काही कळत नाही. मोटरमन दोन, होम सिग्नल तीन, दरवाज्यातली गर्दी एक, असं लिहा. आणि रविवारी मेगाब्लॉक असेल तर ब्लॉकच्या काळात कोणता रेक कुठे उभा राहील हे कंट्रोलशी शनिवारीच ठरवून घ्या. १० नंबरच्या फलाटावर एखादा रेक राहून गेला तर ब्लॉक सुटल्यावर सगळ्या गाड्या एका ९ नंबरवरूनच फिरवाव्या लागतात.