हृदयविकाराचा धोका तिशीतच कसा ताडावा?

‘शेतात राबणारा, अंगाने शिडशिडीत माणूस, त्याला कसला हार्ट अटॅक?’ असे जळगाव-धुळ्याकडे अजूनही सर्रास म्हटले जाते, आणि नेमकी तिथेच गफलत होते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला आढळला. इतर देशांत हे वय ५८.८ होते. सगळ्या आशियाई समाजांची स्थिती मात्र सारखी नाही. जपानी आणि चिनी लोकांत पारंपरिकपणे हृदयविकारापेक्षा पक्षाघात अधिक दिसत आला, अमेरिकेतील फिलिपिनो लोकांत उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे आहे, आणि हवाई व कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी पुरुषांत हृदयविकार मायदेशातील जपान्यांपेक्षा वाढलेला आढळला. म्हणजे सगळा दोष आनुवंशिकतेवर ढकलून मोकळे होता येत नाही.

धोका ताडण्याची सुरुवात तिशीतच शिंप्याच्या टेपने करावी. सकाळी अनशापोटी, सदरा वर करून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवा धरावा, श्वास सहज सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. पँटच्या मापावर विसंबू नये, कारण आपल्याकडे पट्टा पोटाच्या खाली बांधण्याची सवय आहे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर आल्यास तो आपल्यासाठी धोक्याचा समजतात. जपानी पुरुषांसाठी जपानमध्ये हीच मर्यादा ८५ धरतात. वजनाच्या बाबतीतही आशियाई लोकांत बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ पासूनच सावध व्हावे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे हे वजन जेमतेम ६३ किलो भरते, आणि एवढ्या वजनाच्या माणसाला गावात कोणी लठ्ठ म्हणणार नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली, तेव्हा दोघांचा बीएमआय २२.३ असूनही चरबी याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, तर सहकाऱ्याच्या शरीरात ९.१ टक्के निघाली.

त्यानंतर घरातील इतिहास लिहून काढावा. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असल्यास डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा. ‘झोपेतच गेले’ एवढ्यावर न थांबता वय आणि कारण विचारावे. रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल व इतर चरबी) या तपासण्या कराव्यात. लिपोप्रोटीन(ए), म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, बहुतांशी आनुवंशिक असा रक्तातील कण, आयुष्यात एकदा तपासले तरी बहुधा पुरते. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, व पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे.

खाण्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा भरीत यांना दोष देण्याचे कारण नाही. शेवभाजीवर तरंगणारी तर्री, बिबडे-पापड-लोणच्यातील मीठ आणि हातावर मळलेली तंबाखू यांचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडावा. माझ्या मते यांत तंबाखूच आधी सोडावी.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अथवा मधुमेही व्यक्तीस अचानक धाप, यांपैकी काही जाणवल्यास पित्त समजून सोडा पीत बसू नये. १०८ वर फोन करावा आणि ईसीजी लगेच होईल अशा दवाखान्यात जावे. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये.