ज्वारीचे फळांचे मफिन: ग्लुटेन टाळताना या चुका टाळा

परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर, कुठंही जा, घरोघरी ओटीजी, म्हणजे विजेच्या छोट्या भट्ट्या, आलेत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून तर माझ्याकडे शिकायला येणारी जी ती आधी हेच विचारते, "काकू, मैदा न घालता मफिन शिकवा की ओ." मला याचा आनंदच आहे. ज्वारी आपल्या रानातली. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ आणि मराठवाड्याचा केसर आंबा या तिन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. एवढा माल हाताशी असताना गोठवलेल्या ब्ल्यूबेरीची पाकिटं शोधत फिरायची गरज नाही. पण त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून हे लिहायला बसले.

पीठ ज्वारीचं, पण दळलं कुठं?

घरात फक्त चवीत बदल म्हणून ज्वारीचे मफिन करत असाल, तर हा भाग तुम्हाला लागू नाही. पण घरात सीलिअ‍ॅकचं माणूस असेल तर बाकी सगळं सोडून आधी हे वाचा.

सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतलं ग्लुटेन, म्हणजे चिकटपणा आणणारं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, लेकरांची वाढ खुंटते. यावर औषध नाही. ग्लुटेन जन्मभर टाळणं हाच उपचार. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल, तर पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिता येत नाही. गव्हाच्या पिठात ढोबळमानानं दहावा हिस्सा ग्लुटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम कणीक मिसळली, तरी मर्यादेच्या पाचपट ग्लुटेन झालं.

एक ताई माझ्याकडे यायच्या. त्यांच्या मुलीला सीलिअ‍ॅकचं निदान झालेलं. ताई फार काटेकोर. मैदा, रवा, बिस्किटं घरातून केव्हाच हद्दपार झालेली. हिंगसुद्धा बदललेला, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ घातलेलं असतं. तरी पोरीचं पोट दुखायचं थांबेना आणि या आजारात रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडीचा आकडा खाली येईना. डॉक्टर विचारायचे, कुठून तरी गहू जातोय का? ताई शपथेवर नाही म्हणायच्या. शेवटी घरी केलेल्या मफिनवरच संशय आला, म्हणून डबा घेऊन माझ्याकडे आल्या. मी एकेक जिन्नस विचारत गेले. सगळं बरोबर. मग विचारलं, दळण कुठं टाकता?

"कोपऱ्यावरच्या गिरणीत. पण ज्वारी गावाकडची हाय, काकू. मी स्वतः निवडते."

दुसऱ्या दिवशी दोघी गिरणीत गेलो. आमच्या आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा चालू होता. तो संपला, गिरणीवाल्यानं वरच्या तोंडावर फडकं मारलं आणि आमची ज्वारी ओतली. खाली लावलेल्या कापडी पिशवीतून पहिलं पीठ आलं ते पिवळसर होतं. ताईंनी ते तळहातावर घेतलं, दोन थेंब पाणी टाकून मळलं, तर त्याची तार निघाली. ज्वारीच्या पिठाची तार निघत नाही. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या गोळीकडे बघत राहिल्या. गिरणीवाल्याचा यात काही दोष नाही. साऱ्या गल्लीचं दळण असंच निघतं.

"ज्वारीवर ज्वारी टाका म्हणून सांगते ना मी," असं पुष्कळजणी म्हणतात. भाकरीसाठी तेवढं पुरतं. सीलिअ‍ॅकसाठी पुरत नाही, कारण दगडांच्या फटीत आणि पिशवीच्या शिवणीत कणीक राहतेच. त्या ताईंनी पुढं घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा एक दाणा जाऊ दिला नाही. काही महिन्यांनी मुलीचा आकडा उतरायला लागला. घरघंटी परवडत नसेल तर मिक्सरमध्ये थोडी थोडी ज्वारी दळून बारीक चाळणीनं चाळा. मफिनला पीठ लागतं किती, पाव किलोच्या आत. त्यातही ज्वारी आधी निवडा, धुवा, कडक वाळवा. मळणी यंत्र तेच, पोती तीच, म्हणून ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. चाळणी वेगळी, मफिनचा साचा वेगळा, लाकडी उलथनं वेगळं. उपवासाचं दळण आणि भांडी आपण किती निगुतीनं वेगळी ठेवतो! तीच शिस्त इथं लावायची, रोजच्या रोज.

आता मागच्या दारानं घरात येणारा गहू. साच्याला तूप लावून वर मैदा भुरभुरवतात. फळांचे तुकडे तळाशी बसू नयेत म्हणून ते मैद्यात घोळवतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, तेही ग्लुटेन टाळण्यासाठीच चाललेल्या मफिनच्या वेळी. ज्वारीचं पीठ वापरा, काम तेच होतं. खपली हा गहूच आहे. मल्टीग्रेन आट्यात पहिला नंबर गव्हाचाच असतो. ओट्सच्या पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं नसेल तर ते गव्हाच्या संगतीत वाढलेले आणि भरलेले आहेत असंच समजा. बेकिंग पावडरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा, एखाद्यात गव्हाचा स्टार्च असतो.

विरी गेलेलं पीठ आणि घाई

जुन्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलंय. पिठाची विरी गेली म्हणतो आपण. मफिनलाही तोच नियम. दळून महिना झालेलं पीठ वापरलं की मफिन भुसभुशीत होतो आणि हातात घेतला की पडतो. दळण ताजं हवं, आठवड्याच्या आतलं. बाजरीचं असेल तर दोन-तीन दिवसांतलंच, कारण बाजरीत तेल जास्त, पीठ लवकर कडू पडतं.

पण ताजं पीठ असलं तरी ज्वारी एकटी मफिन धरून ठेवत नाही. मैद्यातलं ग्लुटेन जाळी विणतं आणि बेकिंग पावडरची हवा त्या जाळीत अडकते. ज्वारीत ती जाळी नाही, ती आपल्याला आणावी लागते. अंडी चालत असतील तर उत्तम. नसतील तर जवस. चटणीसाठी घरात जवस असतंच. न भाजलेलं घ्या, दळा, एक मोठा चमचा पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवा, अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी बुळबुळीत होते. एका अंड्याऐवजी एवढी पूड. शिवाय इसबगोल. मी अंडी घातली तरी इसबगोल घालतेच.

आता घाईचं बोलते. रील तीस सेकंदांची असते, ज्वारीचं पीठ तीस सेकंदांत भिजत नाही. ज्वारीचे मफिन कचकच लागतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकजणींनी पीठ कालवून लगेच साच्यात ओतलेलं असतं. पीठ, ताक, अंडी, तेल, गूळ एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारीचा कण पाणी पितो, इसबगोल फुगतं, मिश्रण घट्ट होतं. बेकिंग पावडर आणि सोडा शेवटी, भट्टी तापल्यावर, चाळून घाला आणि झटपट मिसळा. आधीच घातलात तर निम्मी हवा भांड्यातच निघून जाते. आणि "मिश्रण जास्त फेटू नका" हा मैद्याच्या मफिनचा नियम पीठ भिजवताना विसरा. ग्लुटेनच नाही तर मफिन चिवट कशानं होणार? गुठळी मोडेपर्यंत खुशाल फेटा.

माझं नेहमीचं प्रमाण सांगते, बारा मफिनचं. ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, शिंगाड्याचं किंवा तांदळाचं ४०, कॉर्नफ्लोअर ४०. इसबगोल ५ ग्रॅम. अंडी दोन. बारीक चिरलेला गूळ किंवा साखर १२० ग्रॅम. करडईचं तेल ८० मिली. शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलाचा वास फळावर चढतो, म्हणून करडई. ताक १८० मिली. बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा. फळाचे तुकडे दीड वाटी, त्याहून जास्त नाही. हे वजनानं घ्या. वाट्यांनी मोजायचं आणि मग प्रमाण चुकलं म्हणायचं, हे मला पटत नाही. एक छोटा वजनकाटा घ्या. आणि मैद्याच्या पाककृतीत मैद्याइतकीच ज्वारी घालून बघू नका, एवढंच त्याबद्दल पुरे.

सीताफळ भट्टीत घालू नका

हे मी दर दसऱ्याला सांगते आणि दर दिवाळीला कुणीतरी कडू मफिन घेऊन दारात उभं असतं.

बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं बाजारात आली की घरात टोपल्या भरतात. धारूर, अंबाजोगाईकडची सीताफळं म्हणजे गर दाट, वास घरभर. अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, इतकं हे फळ आपलं. तरीही ते तापवायचं नाही. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो आणि रंग बिघडतो, मग त्यात कितीही साखर घाला. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं पुतणीच्या वाढदिवसाला अख्खी टोपली सोलली. बिया काढण्यात दोन-तीन तास गेले, घरातली सगळी बायामाणसं कामाला लागली होती. वाटीभर गर मिश्रणात घातला, वरून अजून थोडा. मफिन फुगले छान, वासही सुरेख. पोरीनं पहिला घास घेतला आणि तोंडातून काढून आईच्या हातावर ठेवला. घरच्यांना वाटलं सोडा जास्त झाला. दुसऱ्यांदा सोडा कमी करून केले, तरी कडूच. तिसऱ्यांदा मला फोन.

त्याच्या आजीनं हेच वेगळ्या शब्दांत आधी सांगितलं होतं. सीताफळाची बासुंदी करताना आपण दूध आटवून पूर्ण गार करतो, मगच गर मिसळतो. गरम बासुंदीत गर घालणारी बाई मी आमच्या भागात बघितली नाही. मग मफिनच्या बाबतीत ही अक्कल कुठं जाते? १८० अंशांच्या भट्टीत तोच गर घालायला हात कसा धजतो?

करायचं असं. मफिन साधे भाजा, वेलची घालून. पूर्ण गार होऊ द्या. मधोमध चमच्यानं खळगा करा. घट्ट चक्क्यात सीताफळाचा गर कालवून त्यात भरा आणि त्याच दिवशी खा.

मोसंबीचं गाऱ्हाणं वेगळं. तिचा रस काढून ठेवला की तासाभरात कडसर व्हायला लागतो. म्हणून रस आधी काढून फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, मिश्रणात घालायच्या क्षणी पिळायचा. बिया चिरडू देऊ नका. साल किसताना फक्त वरची पिवळी-हिरवी बाजू घ्या, पांढरं लागलं की थांबा. मोसंबीचा रस घालणार असाल तर ताक तितकंच कमी करा.

केसर आंबा भट्टीत चांगला टिकतो, फक्त रस नको, फोडी घ्या. रसच घालायचा असेल तर आधी कढईत आटवून निम्मा करा. अर्धापूरची केळी काळी ठिपकेदार झालेली घ्या, दोन केळी घातली तर एक अंडं कमी करता येतं. पेरू बियांसकट नको. कलिंगड आणि द्राक्षं मफिनमध्ये घालू नका, नुसतं पाणी सुटतं.

भट्टी

ओटीजी वरखाली दोन्ही कांड्यांवर १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा. साचे पाऊण भरा. २२ ते २५ मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका. ज्वारीचा रंग मुळातच मातकट असतो, गूळ घातला तर अजून गडद, त्यामुळे रंगावरून भाजलं असं ठरवू नका. मधोमध काडी घालून बघा. काडीला फळाचा ओलावा लागला तर चालेल, पीठ लागलं तर नाही.

उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून बेकिंग पावडर भट्टी तापल्यावरच घालायची, हे पुन्हा सांगते. पावडर न घातलेलं मिश्रण फ्रीजमध्ये दोन-तीन तास सहज थांबतं. ते थांबवणंही जमणार नसेल तर कुकर. तळाशी मीठ, वर जाळी, रबर आणि शिटी काढून दहा मिनिटं तापवायचा, मग मध्यम आचेवर अर्धा तास. वरून लाल होत नाहीत, पण शिजतात व्यवस्थित.

भट्टीतून काढल्यावर दहा मिनिटं साच्यात, मग जाळीवर तासभर. गरम मफिन मोडला तर आतून चिकट गोळा निघतो आणि लोक तो कच्चा समजून परत भट्टीत घालतात. तो कच्चा नसतो. स्टार्च गार होताना घट्ट धरतो, त्याला तेवढा वेळ लागतो. कागदी वाटीसुद्धा गार झाल्यावरच सुटते.

उरलेले फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. फ्रीजच्या थंडीत स्टार्च लवकर कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी मफिन भाकरीच्या तुकड्यासारखा कोरडा लागतो. त्या दिवशी खायचे ते डब्यात बाहेर, बाकीचे एकेक कागदात गुंडाळून सरळ फ्रीझरमध्ये, महिनाभर राहतात. सकाळी शाळेच्या डब्यासाठी १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम करा, वाफ निघून जाऊ द्या, मग झाकण लावा. सीताफळ भरलेले मात्र फ्रीझरमध्ये टाकू नका, आणि उन्हाच्या दिवसांत शाळेच्या डब्यातही देऊ नका.