हार्ट अटॅकनंतरचे रक्ताचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्रोपोनिनचा एकच आकडा धरून बसणं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. छातीत दुखायला लागल्यावर तासाभरात घेतलेल्या रक्तात ते नॉर्मल येऊ शकतं. म्हणून डॉक्टर 1 ते 3 तासांनी पुन्हा रक्त घेतात. ‘एकदा नॉर्मल आलंय ना, मग घरी नेतो’ असा हट्ट कृपा करून धरू नका. आणि ईसीजीतच मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनसाठी थांबायचंच नाही; आधी बंद झालेली रक्तवाहिनी उघडायची.

पुढे हा आकडा साधारण पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्वाधिक होतो आणि आठवडा-दोन आठवडे वाढलेला राहतो. पाचव्या दिवशीही जास्त आहे, एवढ्यावरून दुसरा अटॅक आला असं होत नाही. उतरणीला लागलेला आकडा पुन्हा चढला, तर मात्र ती धोक्याची खूण. तुलना एकाच लॅबच्या रिपोर्टांची करा. ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी या वेगळ्या तपासण्या आहेत, शिवाय एकक बदललं की आकडा हजारपट बदलतो: 0.04 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच 40 नॅनोग्रॅम प्रति लिटर.

एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची दुसरी तपासणी; ती हृदयावरचा ताण सांगते. तिचा आकडा खूप वाढला असेल तर पुढे हार्ट फेल्युअरचा (हृदयाची पंपिंगची ताकद कमी पडण्याचा) धोका जास्त. पण वय आणि किडनीचा विकार यांनीही तो वाढतो, लठ्ठ माणसात कमी दिसतो. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) शेजारी न ठेवता त्याचा अर्थ लावू नये.

माझ्या मते घरच्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटतं ते साधं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा. पुढचा धोका मोजणाऱ्या ग्रेस स्कोअरमध्ये वय, नाडी, रक्तदाब यांच्याबरोबर तेही धरलं जातं. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेल्या डायमुळे ते 2-3 दिवसांत चढू शकतं, म्हणून तेव्हाची तपासणी चुकवू नका.

कोलेस्टेरॉलचं उलटं असतं. अटॅकनंतर एक-दोन दिवसांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खाली येतं. तो कमी आकडा बघून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) स्वतःहून बंद करणारे पेशंट आहेत, आणि हे फार घातक आहे. गोळी चालू ठेवून 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा तपासा. तेव्हा एलडीएल 55 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं.