विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवरून शेल स्क्रिप्ट चालवताना

रावेर–सावदा पट्ट्यातील केळीच्या एका व्यापाऱ्याकडे रोजच्या वजनकाट्याच्या नोंदी एकत्र करून गाडीवार बेरीज काढणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, होती. ती लिहिणाऱ्याचा संगणक लिनक्सवर चालत होता आणि पेढीवरचा संगणक विंडोजवर. ती चालती करून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जे करावे लागले ते येथे क्रमाने लिहितो. आज्ञा देवनागरीत दिल्या असल्या तरी टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्यात.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीला, बॅशची (अशा स्क्रिप्ट चालवणाऱ्या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमची) भाषा कळत नाही, म्हणून मध्ये दुभाषी हवा. गिट बॅश हा त्यातला हलका पर्याय असून साध्या स्क्रिप्टला तो पुरतो. पण स्क्रिप्टमध्ये लिनक्सची वेगळी साधने वापरलेली असतील, तर विंडोजमध्येच लिनक्स चालवणारे, मायक्रोसॉफ्टनेच दिलेले डब्ल्यूएसएल बसवणे मला अधिक भरवशाचे वाटते. विंडोज 10 ची 2004 ही आवृत्ती किंवा त्यापुढची, अथवा विंडोज 11 असल्यास कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर उबुंटू, म्हणजे या आज्ञेने बसलेले लिनक्स, नवे नाव व पासवर्ड मागते. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून घाबरून जाऊ नये. व्हर्च्युअलायझेशनविषयी चूक दाखवली गेली, तर बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन ते चालू करावे लागते.

आता स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे कमांड प्रॉम्प्टने जावे आणि ‘डब्ल्यूएसएल बॅश हिशेब.एसएच’ असे टंकावे; ‘हिशेब.एसएच’ हे स्क्रिप्टच्या फाइलचे नाव. चालू फोल्डर आपोआप पलीकडे पोहोचतो, आणि बॅशचे नाव स्पष्ट दिल्यामुळे फाइलला चालवण्याची वेगळी परवानगी द्यावी लागत नाही. नुसते ‘बॅश’ मात्र टंकू नये, कारण गिट बॅश आणि डब्ल्यूएसएल दोन्ही बसवलेले असतील तर कोणते बॅश सुरू होईल ते सांगता येत नाही. स्क्रिप्टच्या आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतील तर ते बदलावे लागतील: विंडोजचा ‘डी:\काटा’ हा फोल्डर लिनक्सच्या बाजूने ‘/एमएनटी/डी/काटा’ असा दिसतो, आणि तेथे लहान-मोठ्या अक्षरांकडे नीट लक्ष ठेवावे.

एवढे करूनही स्क्रिप्ट अडते, आणि बहुतेकांची उमेद येथेच खचते. कारण ओळीच्या शेवटी दडलेले असते. लिनक्स ओळ संपल्याची खूण एका अक्षराने करते, ज्याचा क्रमांक 10 आहे. विंडोज त्याआधी 13 क्रमांकाचे आणखी एक अदृश्य अक्षर घालते. स्क्रिप्ट विंडोजच्या संपादकात उघडून जतन केली की ते अक्षर आत शिरू शकते आणि बॅश त्याला आज्ञेचाच भाग समजते. ‘कमांड नॉट फाउंड’ या संदेशाजवळ ‘\आर’ दिसले, किंवा ‘बॅड इंटरप्रिटर’च्या जवळ ‘^एम’ दिसले, तर दोष हाच आहे असे समजावे. उबुंटूमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डॉस2युनिक्स’ ही आज्ञा देऊन ते अक्षर काढून टाकणारे हे साधन बसवावे आणि स्क्रिप्टच्या फाइलवर एकदा चालवावे.

आम्ही तेवढे केले, तरी बेरीज होईना. एक दुपार गेल्यावर लक्षात आले की वजनाच्या नोंदी एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून जतन केल्या जात होत्या, आणि त्या प्रत्येक ओळीच्या शेवटीही तेच अक्षर होते. शेवटच्या रकान्यातील वजनाला ते चिकटत असल्याने बॅशला तो आकडा वाटतच नव्हता. स्क्रिप्ट एकदा स्वच्छ केली की पुरते, पण नोंदी रोज नव्या येतात. म्हणून नोंदींची फाइल वाचण्यापूर्वी तिच्यातील ते अक्षर ‘टीआर -डी’ वापरून गाळणारी ओळ स्क्रिप्टमध्येच घालावी.

मुनीमजींना रोज आज्ञा टंकायला लावणे बरोबर नाही. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहाव्यात: पहिलीत स्क्रिप्ट चालवणारी वरची ‘डब्ल्यूएसएल बॅश हिशेब.एसएच’ ही आज्ञा, दुसरीत ‘पॉज’. ही फाइल ‘.बॅट’ शेपटाने स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये जतन करावी. तिच्यावर दोनदा क्लिक केले की हिशेब होतो, आणि ‘पॉज’मुळे खिडकी उघडी राहून चूक असल्यास ती वाचता येते. टास्क शेड्युलरने हेच काम रात्री करवून घ्यायचे असेल, तर ‘पॉज’ काढून टाकावे आणि ‘स्टार्ट इन’च्या रकान्यात त्या फोल्डरचा पत्ता न विसरता भरावा.