दारू सुटली, पण 'मला सगळं कळतं' हे कसं सोडायचं

मला दारू बंद करून सहा वर्षं झाली, आणि त्यातली पहिली दोन नुसती हा ताठा उतरवण्यात गेली, म्हणून जे उपयोगी पडलं ते लिहितोय.

पहिलं म्हणजे "मी घरीच बंद करतो, डॉक्टर कशाला" असं करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवसुद्धा जाऊ शकतो. डॉक्टरला किती पिता ते खरं सांगा, आपण सगळे निम्मंच सांगतो. ॲडमिट व्हा म्हणाले तर व्हा.

मग एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जा. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात बिल आणि डॉ. बॉब या दोघांनी हे सुरू केलं, एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, म्हणजे हुशारी दोघांकडेही होती आणि तिने दोघांचीही दारू सुटली नव्हती. म्हणूनच एएच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायची आहे. मीटिंगमध्ये कुणी आपली गोष्ट सांगत असला की मी मात्र मागे बसून मनात म्हणायचो, हा तर रस्त्यावर पडायचा, माझी नोकरी तरी शाबूत आहे. तुमच्याही डोक्यात हे येणार. आलं की समोरच्याचं बोलणं परत नीट ऐका आणि आपल्यासारखं काय आहे तेवढंच पकडा. मीटिंगनंतर खुर्च्या उचला, चहाचे कप धुवा. वारीत वयाने मोठा माणूसही लहानाच्या पाया पडतो ना, तसंच, आधी शरीर वाकतं मग हळूहळू मन.

खरी परीक्षा घरात असते. चार-सहा महिने झाले की वाटतं आता बायकोने विश्वास ठेवलाच पाहिजे, आणि ती दारातच तोंडाचा वास घेते तेव्हा डोकं फिरतं. घेऊ द्या. तिने किती वर्षं काढलीत तुमच्यासोबत! कुठे जाताय ते न विचारता सांगा, पगार तिच्या हातात द्या, एटीएम कार्डही. माफी मागताना "पण तू पण..." हे शब्द गिळा, उसने घेतलेले पैसे थोडे थोडे का होईना परत करा.

एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते मला, नम्र होणं म्हणजे "मी नालायकच" म्हणत बसणं नव्हे. त्यातही दिवसभर मीच असतो डोक्यात, आणि माझी एक स्लिप, म्हणजे सोडल्यावर परत पिणं, त्यातूनच झाली होती, लाजेपोटी तीन आठवडे लपवली आणि तेवढे दिवस पीतच राहिलो.

स्पॉन्सरचा, म्हणजे एएमधल्या आपल्याला आधार देणाऱ्या जुन्या माणसाचा, नंबर पाठ करा. तलफ आली की प्यायच्या आधी फोन लावा, नाहीच जमलं तर पिऊन झाल्यावर लावा, पण त्याच दिवशी.