डोळ्यांनी बोलायला शिकवायचंय? मशीन नंतर, आधी एक शीट आणा

आमची लेक सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, हात वळत नाहीत आणि शब्द फुटत नाही, पण नजर मात्र घरभर फिरते. तुम्हीही आय ट्रॅकर (नजर कुठे आहे ते ओळखून कॉम्प्युटर चालवणारं मशीन) घ्यायच्या विचारात असाल तर जरा थांबा.

आधी ए३ साइजची पारदर्शक ॲक्रिलिक शीट कापून आणा, कडा पॉलिश पेपरने घासा आणि मधे मोठी खिडकी कापून घ्या. याला ई-ट्रान बोर्ड म्हणतात. सुरुवातीला दोनच फोटो, वरच्या दोन कोपऱ्यांत. तुम्ही शीटच्या पलीकडे, तिच्या डोळ्यांसमोर बसा, एकदाच विचारा आणि गप्प बसा, मनात दहा मोजा (आम्ही इथेच चुकायचो, दोन सेकंदात परत विचारायचो). नजर कुठे थांबली ते मोठ्याने बोला, "खिचडी बघतेस, खिचडी देऊ?"

मग एक कोपरा "नको"ला द्या आणि तो पाळा. चमचा तोंडापाशी नेला होता, हिने नजर "नको"वर नेली, चमचा परत वाटीत. त्यानंतर दोन दिवस सगळंच नको, आंघोळ नको, मोजे नको, आजी पण नको! चालू द्या.

हे जमलं की मशीन. स्क्रीनखालची पट्टी डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकते आणि बुबुळावरची चमक कॅमेरा टिपतो, म्हणून खिडकीतून ऊन आलं की गडबड होते, पडदा लावून घ्या. अंतर साधारण ६० सेमी, मूल मागे रेललेलं असेल तर स्क्रीनही तेवढीच कलती करा, अर्धे प्रॉब्लेम इथेच सुटतात. कॅलिब्रेशनचे (म्हणजे मशीनला तिची नजर ओळखायला लावताना एकेक करून बघायचे) पाच ठिपके नाही झाले तर दोनवर भागवा, तिरळेपणा असेल तर एकाच डोळ्याचं सेटिंग करा. नजर किती वेळ थांबल्यावर क्लिक व्हावं ती वेळ फार कमी ठेवू नका, नाहीतर नुसतं बघितलं तरी काहीतरी उघडतं आणि पोर वैतागतं. विंडोजवर नजरेने टाइप करायचं ऑप्टिकी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ट्रॅकर मात्र विकत घ्यावा लागतो.

पहिले काही आठवडे फक्त खेळ, बघितलं की फुगा फुटला एवढंच. परीक्षा घेऊ नका. एका डेमोत हिला "सफरचंद कुठंय" इतक्यांदा विचारलं की हिने डोळेच मिटून घेतले आणि डेमो घेणाऱ्यांनी लिहिलं, हिला समजत नाही.

शीट आता व्हीलचेअरच्या मागे अडकवलेली असते, लाइट गेली की तीच.