वाई लिपी शिकायची तर मात्रा विसरा

निपाणी-खानापूर भागात वाढलेल्याला देवनागरी येतेच आणि दुकानाच्या, बसच्या पाट्या वाचून वाचून कानडी अक्षर पण ओळखू येतंय, मग अजून एक लिपी शिकायला काय हरकत आहे? वाई घ्या (साताऱ्याकडची नव्हे). लायबेरियाच्या किनाऱ्याला आणि थोडी सिएरा लिओनमध्ये ही भाषा बोलतात, आणि १८३० च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले यानं तिची लिपी काढली, स्वप्नात दिसली म्हणे.

आपल्यात क आला की का, कि, कु आपोआप येतंय. इथं 'का'चं चिन्ह वेगळं, 'कि'चं वेगळं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि अशी दोनशेच्या वर चिन्हं. सगळा तक्ता पाठ करायला बसू नका, कंटाळा येतोय. घरातली, गावांची नावं लिहायला घ्या आणि लागतील तेवढीच चिन्हं उचला. तक्ता मात्र लायबेरिया विद्यापीठात १९६२ ला ठरलेला बघा, जुन्या कागदांत एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं असतात, सुरुवातीला तो घोळ नको.

निपाणी लिहा: नि, पा, नि. झालं की! ण, ळ, ख नाहीत, न, ल आणि क वर भागवायचं. खानापूरला अडतंय, कारण शेवटी नुसतं व्यंजन चालत नाही, फक्त ङ् सारखा नाकातला आवाज चालतो, त्याला स्वतंत्र चिन्ह आहे. मग कानडी माणूस बसला बस्सु, कारला कारु म्हणतो तसं करा, कानापुरु (ही माझी युक्ती, वाई लोकांचा नियम नव्हे). आणि गंमत म्हणजे बेळगाव शेवटच्या व ला अडकतंय पण बेळगावी म्हटलं तर बे-ला-गा-वि, बरोब्बर चार चिन्हांत बसलं, आता यावरून सीमावाद काढू नका.

स्वर सात आहेत, इ, ए, आ, ओ, उ, शिवाय बॅटमधल्या ॲ च्या आणि बॉलमधल्या ऑ च्या जवळचे दोन. तक्त्यावर या दोघांच्या चिन्हांच्या बाजूला चंद्र काढून ठेवा, नाहीतर ए आणि ॲ ची गल्लत ठरलेली. खरं अवघड क्प आणि ग्ब. एकामागून एक म्हणायचे नाहीत, ओठ मिटायचे, त्याच वेळी जिभेचं मूळ मागं टाळूला टेकवायचं आणि दोन्ही एकदम सोडायचं.

टायपिंगचं टेन्शन नाही, २००८ पासून ही लिपी युनिकोडमध्ये आहे, विंडोजमध्ये कॅरेक्टर मॅप उघडून एब्रिमा फॉन्ट निवडा, चिन्हं तिथं सापडतील. नुसते चौकोन दिसले तर नोटो सॅन्स वाई हा फॉन्ट फुकट मिळतोय.

वाचायचं डावीकडून उजवीकडं, पण जुन्या लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, मोडीचे कागद बघितलेत त्यांना सवय असेल. यासाठी जोडीदार घ्याच. १९७० च्या दशकात सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी तिथं अभ्यास केला तेव्हा दिसलं की ही लिपी शाळेत नाही तर ओळखीचा कोणीतरी शिकवतो, आणि वापर जास्त करून पत्रं लिहायला. आपण पण तेच करायचं, एकानं दोन ओळींची चिठ्ठी लिहायची, दुसऱ्यानं काही न विचारता मोठ्यानं वाचायची. चिठ्ठी सध्या मराठीतच असू दे, कारण वाई भाषेत आवाजाच्या चढउतारानं अर्थ बदलतो आणि ते चढउतार लिपीत लिहीतच नाहीत, भाषा शिकायची तर रेकॉर्डिंग ऐकावीच लागतील.